ठकूबाईची कणगी

माझ्या थोरल्या सुनेला जुळी झाली आणि दोन्ही जगली, त्या वर्षीच्या पौषातली ही गोष्ट. घरात दोन तान्ही, बाळंतिणीची शेगडी, ओव्याच्या धुरीचा वास, आणि ओट्यावर पुण्याच्या संस्थेच्या दोन मोठ्या शिकणाऱ्या मुली. सून आतून खाटेवरून म्हणायची, "आत्याबाई, तुम्हाला एकदम चार लेकरं झाली."

त्या सकाळी मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून संस्थेच्या भाटवडेकर सरांशी फोनवर वाद घालत होते. आमच्या करवंददऱ्यात फोनला रेंज तेवढ्या एका जागी येते.

"सर, मंगळवार नको. बुधवारी या."

"मंगळवारी काय अडचण आहे, चांगुणाबाई?"

"ठकूबाई बांडेच्या घरी पाव्हणे येणार. तिच्या सुगंधाची सोयरीक चाललीय. मुलगी पसंत झाली, आता मुलाकडचे घर बघायला येणार."

"मग ते त्यांच्या घरी बसतील. आपली बैठक पारावर आहे."

"एवढ्याशा वाडीत घर आणि पार निराळं नसतं, सर."

सर हसले. "अहो, गाडी ठरली आहे. बुधवारी दुसऱ्या गावात दुसरे विद्यार्थी आहेत. सगळं वेळापत्रक हलेल. आणि पाहुणे आले तर चांगलंच की. त्यांनाही बसवू."

मी फोन ठेवला तेव्हा टाकीवर पाणी भरायला आलेली कोंडाबाई म्हणाली, "काय म्हणतोय तुझा मास्तर?"

"ऐकत नाही."

"मास्तर कधी ऐकतो व्हय? ऐकायला लागला तर पोरं काय करतील!"

संस्थेत शाश्वत विकासाचा अभ्यासक्रम होता. देशोदेशीची पोरं तिथं दोन वर्षं शिकायची आणि मग जगभर जाऊन गरीब गावांची कामं करायची. त्याआधी दोन-अडीच महिने त्यांना आमच्यासारख्या वाडीत राहावं लागे. वाडीत त्यांचं कोण बघणार, तर मी. वयाची चाळिशी उलटल्यावर समाजमंदिरातल्या वर्गात मी अक्षरं शिकले होते. वाडीतल्या म्हाताऱ्या बायांत वाचता येणारी मी एकटीच, म्हणून सरांनी मला मार्गदर्शक केलं. पोरांना काय शिकवायचं ते मला कुणी सांगितलं नाही. मला जे येत होतं ते मी शिकवत गेले.

त्या वर्षीच्या दोघींपैकी एक केनियाची, नाव वांबुई. वाडीनं पहिल्याच दिवशी तिची अंबूबाई करून टाकली. उंच, शांत पोरगी. मराठी जेमतेम, पण जुळ्यांपैकी कुठलंही रडलं की हीच आधी उठायची. दुसरी आपली नागपूरची, ऋजुता सबनीस. हुशार अशी की माझ्याकडे आलेल्या सगळ्या पोरांत तिच्यासारखी दुसरी नव्हती. आणि तिनंच मला सगळ्यात जास्त छळलं.

आल्या आल्या तिनं दारोदार फिरून विचारायला सुरुवात केली होती, "तुमच्याकडे किती पिकतं? वर्षभर पुरतं का?" लोक म्हणायचे, "पुरतं की. देवाची कृपा." ती आपली घरी येऊन लिहायची.

मी म्हणाले, "अगं, असं विचारल्यावर कोण सांगेल? तुझ्या घरी येऊन कुणी विचारलं, तुमच्या डब्यात काय आहे, तर तुझी आई सांगेल?"

"मग कसं कळणार, मावशी?"

मी तिला आत नेलं. आमच्याकडे भात कणगीत ठेवतात. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीनं सारवलेली, माणसाच्या छातीएवढी उंच. मी माझ्या कणगीवर बोट दुमडून टकटक केलं. "ऐक. भरलेली कणगी मुकी असते. रिकामी बोलते. कुणाच्या घरी बसलीस की टेकायचं निमित्त करून हलकेच वाजवायची. चूल बघायची. भाकरी थापताना बाई पीठ कुठल्या डब्यातलं घेते ते बघायचं. तोंडानं विचारायचंच नाही."

तिचे डोळे चमकले. आठ दिवसांत ती घराघरांत भाकरी थापायला, दळायला, सारवायला बसू लागली. बाया तिला "रुजू, रुजू" करू लागल्या. संध्याकाळी माझ्यापाशी येऊन सांगायची, कुठल्या घरात काय आहे, काय नाही. नव्वद टक्के बरोबर. मला अभिमान वाटायचा, हे खोटं कशाला सांगू.

आता ठकूबाईचं सांगते. ठकूबाईचा नवरा महादू हिरडा झोडायला झाडावर चढला आणि फांदी मोडून खाली आला, तो तिथंच संपला. मागे ती आणि सुगंधा. भाताची दोन खाचरं, त्यांतलं एक ओढ्यानं खाल्लेलं. त्या साली कापणीच्या तोंडावर पाऊस पडून उरलेला भातही काळा पडला. सुगंधाला सोनखडीच्या लिंबाजी पोपेऱ्याचा मुलगा सांगून आला होता. मुलगा दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर, निर्व्यसनी. हुंडा मागत नव्हते. फक्त घर बघून जातो म्हणाले.

घर बघायचं म्हणजे कणगी बघायची. हे सगळ्यांना ठाऊक.

म्हणून आधीच्या शनिवारी आमच्या आळीतल्या बाया ठकूबाईच्या घरी जमल्या. कणगी नव्यानं सारवली. निम्म्याच्या वरपर्यंत भाताचा कोंडा भरला, दाबला. आणि वरून एकेकीनं आपल्या घरून एकेक पाटी भात आणून ओतला. माझी पाटी होती, कोंडाबाईची होती, सरपंचाच्या सुनेची पण होती. काठाशी आल्यावर वर सूप उलटं ठेवलं. कुणी काही बोललं नाही. असली कामं बोलून करायची नसतात. आमच्यासाठीही कधी ना कधी कुणी केलेलीच असतात.

सारवायला रुजूही होती. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले, केस तोंडावर. मला वाटलं, पोरीला उमगलं.

मंगळवारी सर आले. पांढरी गाडी, गळ्यात ओळखपत्र, पायात शहरी बूट. पारावर रुजूनं रांगोळीनं तीन मोठी रिंगणं काढली होती. पहिलं रिंगण, ज्यांचं धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरतं त्यांचं. दुसरं, ज्यांचं आखाडापर्यंत पुरतं त्यांचं. तिसरं, ज्यांच्या कणगीचा तळ होळीलाच दिसतो त्यांचं. दर घरामागे एक वाळका हिरडा. गावानं मिळून ठरवायचं, कुठला हिरडा कुठल्या रिंगणात. तिसऱ्या रिंगणातल्या घरांना संस्था शेळ्या आणि बियाणं देणार होती.

मी रुजूला आदल्या दिवशीच म्हणाले होते, "हे उघड्यावर नको करू. चार शहाण्या माणसांना घरात बसवून विचार."

"पण मावशी, ही पद्धतच अशी आहे. सगळ्यांसमोर झालं की कुणी आपल्या माणसाचं नाव घुसवू शकत नाही."

"आणि ज्याला लाज आहे त्याचं?"

तिनं रिंगणं काढलीच. सर तपासायला येणार होते, तिची ती परीक्षा होती.

बैठक निम्म्यावर आली आणि लिंबाजी पोपेरे दोन भावकीची माणसं घेऊन चढ चढून आला. डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, दमलेला. सरांनी हात करून बोलावलं. "या, या, बसा. बाहेरच्या माणसांची नजरही उपयोगी पडते."

मी सरांच्या कानाशी लागले. "सर, हेच ते पाव्हणे."

"उत्तम," सर म्हणाले.

पाव्हणे पाराच्या कडेला टेकले. ठकूबाई मागे बायांत उभी होती. तिच्या घराची पाळी आली. मग म्हातारा देवजी उठला, ठकूबाईचा हिरडा उचलला आणि पहिल्या रिंगणात ठेवला. मधल्या नाही, पहिल्या! जरा जास्तच झालं, पण एकदा ठेवला तो ठेवला.

"बरोबर हाय," कोंडाबाई मागून म्हणाली.

"महादूनं मागं ठेवलंय चांगलं," आणखी कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांच्या माना हलल्या. लिंबाजीनं टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. बैठक तेवढ्यावर संपली असती. सर वहीत काहीतरी टिपत होते. टिपता टिपता त्यांनी मान वर केली.

"ऋजुता, तू या घरांत राहिलीस, वावरलीस. तुझ्या निरीक्षणांशी हे जुळतं का?"

मी रुजूकडे बघितलं. डोळ्यांनी जेवढं सांगता येतं तेवढं सगळं सांगितलं. तिनंही माझ्याकडे बघितलं. मग ती उठली.

"एक घर जुळत नाही, सर."

आणि तिनं वाकून पहिल्या रिंगणातला ठकूबाईचा हिरडा उचलला आणि तिसऱ्या रिंगणात नेऊन ठेवला.

"त्यांच्या कणगीत वर भात आहे, पण खाली कोंडा आहे. त्यांचं धान्य होळीपर्यंतही पुरणार नाही."

रांगोळीत शिरलेल्या कोंबडीला कुणी हाकललं नाही. लिंबाजीनं टोपी नीट केली. ठकूबाई हलली नाही. देवजी म्हातारा खाली बघत म्हणाला, "पोर नवी हाय, चुकली असंल." पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

सर मात्र खूश झाले. "याला म्हणतात पडताळणी," असं म्हणून त्यांनी रुजूच्या पाठीवर थाप दिली.

रीत म्हणून पाव्हणे ठकूबाईच्या घरी गेले. मी मागोमाग गेले. सुगंधानं पाणी दिलं, ते प्याले. आमच्यात पाण्याबरोबर गुळाचा खडा ठेवतात. सोयरीक मान्य असली तर पाव्हणा गूळ तोंडात टाकतो. पाणी तिघंही प्याले. गूळ ताटलीत तसाच राहिला. लिंबाजी म्हणाला, "येतो बाई, उतरायला उशीर व्हईल." कणगीकडे त्यानं एकदाही बघितलं नाही.

घरी आले तेव्हा रुजू ओट्यावर बसली होती. वांबुई एका बाळाला मांडीवर घेऊन थोपटत होती.

"काय केलंस हे?" मी म्हणाले.

"मावशी, त्या पहिल्या रिंगणात राहिल्या असत्या तर त्यांना शेळ्या मिळाल्या नसत्या. बियाणं मिळालं नसतं. सगळ्यात जास्त गरज त्यांनाच आहे! मला माहीत असून मी गप्प कशी बसू?"

"तिची पोर उजवायची होती. शेळ्यांचं काय घेऊन बसलीस?"

"पण तुम्हीच शिकवलंत ना? कणगी वाजवून बघ, लोकांच्या बोलण्यावर जाऊ नको."

"बघ म्हणाले. बोल म्हणाले का?"

 वांबुईला शब्द सगळे कळले नसावेत, पण भांडण कशाचं ते कळलं होतं. ती हळू म्हणाली, "मावशी, माझी आजी… चूल पेटवते. भांड्यात पाणी. फक्त पाणी. बाहेर धूर दिसतो. लोक म्हणतात, आज जेवण आहे."

"बघ," मी रुजूला म्हणाले, "समुद्रापलीकडची पोर, तिला समजलं. तुला कसं समजलं नाही?"

"समजलं होतं, मावशी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "समजलं होतं म्हणूनच तर बोलले. किती दिवस त्या असं लपवत राहणार? लपवलं की मदत येत नाही, मदत आली नाही की पुन्हा लपवायचं."

ती बोलत होती ते चूक नव्हतं. म्हणून तर माझं डोकं अधिक फिरलं. चुकीचं बोलणाऱ्या पोराला दोन शब्द सुनवून मोकळं होता येतं. हिला काय सुनवायचं?

"उद्या माझ्याबरोबर सोनखडीला चल," मी म्हणाले. "लिंबाजीला सांग, घराची गल्लत झाली. कोंडा बघितला तो दुसऱ्याच घरात."

"पण गल्लत नाही झाली."

"ते मला ठाऊक आहे."

"मग मी खोटं बोलू?"

"अगं, अख्खं गाव तुझ्यासमोर खोटं बोललं. म्हातारा देवजी बोलला, त्याचा एक पाय स्मशानात आहे. तुला एकटीला जड जातं?"

तिनं भाकरी खाल्ली नाही. मीही तिला आग्रह केला नाही.

सकाळी ती माझ्याआधी तयार होती. वांबुईही निघाली. खिंड उतरून ओढा ओलांडला की सोनखडी.  ओढ्यापाशी थांबून रुजू म्हणाली, "बोलीन, मावशी." मी म्हणाले, "नीट बोल. अडखळू नको. बघून बोल, खाली मान घालू नको."

इतकी वर्षं पोरांना खरं बघायला शिकवलं आणि त्या दिवशी ओढ्यात पाय घालून एका हुशार पोरीला खोटं बोलायला शिकवत होते. तेही मला नीट शिकवता येईना.

लिंबाजी अंगणात दावं वळत बसला होता. आम्हाला बघून उठला, घोंगडी अंथरली. त्याच्या बायकोनं चहा आणला. तिघींना चहा मिळाला तशी माझ्या मनात आशा आली.

"पाव्हणं," मी सुरुवात केली, "ही आमची पोरगी. हिला तुमच्याशी बोलायचंय."

रुजूनं कप खाली ठेवला. "काका, काल माझी चूक झाली. मी… त्या घरात नव्हते गेले. म्हणजे गेले होते, पण ती कणगी दुसऱ्यांची होती. शेजारच्यांची. कोंडा त्यांच्या… मला नीट दिसलं नाही. अंधार होता…"

लिंबाजीनं तिला हातानं थांबवलं. रागानं नाही. एखाद्या लहान पोराला उतारावर धरावं तसं.

"ऱ्हाऊ दे, बाय. तुला जमत न्हाई."

तिनं मान खाली घातली. मी तिला नको म्हणाले होते तरी घातली.

लिंबाजीनं वळलेलं दावं बाजूला ठेवलं. "चांगुणाबाई, तुमाला वाटलं, मला ठावं नव्हतं? महादू गेल्यावर त्या घरात काय ऱ्हाणार? एक खाचर ओढ्यानं नेलं, ते मी येता-जाता बघतो की. मला समदं ठावं व्हतं."

"मग?"

"या, आत या."

आम्ही आत गेलो. कोपऱ्यात त्याची कणगी होती, छान सारवलेली, वर सूप. त्यानं सूप काढलं, भातात हात घातला आणि हात मनगटाच्या पुढं जाताच मूठ वर काढली. मुठीत कोंडा होता.

"माझ्या पोरीच्या सोयरिकीच्या वक्ताला भरला, तो अजून तसाच हाय," तो म्हणाला. "ह्या डोंगरात कुणाच्या कणगीत खाली कोंडा न्हाई? आमी बघायला जातो ते काय भात बघायला? आमी बघतो, गाव त्या बाईच्या पाठीशी हाय का न्हाई. वरचा भात कुणी आणून ओतलाय का न्हाई. ज्या बाईला गाव पाटी-पाटी भात देतं, तिची पोर चांगलीच असणार."

"मग पाव्हणं, अडचण कसली? सोयरीक होऊ द्या की," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"कशी व्हऊ देऊ? मला ठावं असणं निराळं. चारचौघांत, रांगोळीच्या गोलात, हिरडा ठेवून सांगणं निराळं. माझ्यासंगं भावकीचे दोन होते. त्यांनी ऐकलं. आता गावभर झालं. उद्या पोरीनं भांडं आपटलं तरी म्हणतील, तिसऱ्या गोलातली हाय. जन्मभर तिला तेच ऐकावं लागंल. माझं पोरगं ऐकून घेईल, ती पोर कशी ऐकून घेईल?" त्यानं मूठ उघडून कोंडा पुन्हा आत टाकला आणि सूप झाकलं. "न्हाई म्हणायचा मला शौक न्हाई. झाकलेलं व्हतं तवर आमाला सगळ्यांनाच सोपं व्हतं."

 खोटंही चाललं नाही आणि खरंही चाललं नाही. आम्ही दोघी आदल्या दिवशी भांडलो होतो ते सगळं फुकट. चहा पिऊन निघालो. परतीच्या चढावर रुजू मागे राहिली, वांबुईनं तिचा हात धरला होता. मी थांबले नाही.

वाडीत शिरलो तर आळीत गडबड. ठकूबाई डोक्यावर पाटी घेऊन घरोघर फिरत होती. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. ज्या ज्या बाईनं भात दिला होता, तिच्या तिच्या दारात जाऊन परत ओतत होती. कोंडाबाई म्हणत होती, "अगं, राहू दे की, कुणी मागितला?" ठकूबाई ऐकत नव्हती. पाटी ओतायची, आपटून झाडायची, आणि पुढच्या दारी.

शेवटी ती आमच्या ओट्यावर आली. माझ्या पाटीतला भात माझ्या सुपात ओतला. एक दाणा खाली सांडला तो उचलून सुपात टाकला. मग रुजूकडे बघितलं.

"पोरी, आता जाऊन वाजव कणगी," ती म्हणाली. "आता खरी वाजंल."

रुजू तिच्या पाया पडायला वाकली. ठकूबाई मागे सरली. रागानं नाही सरली. पदर सावरला आणि गेली.

पुढच्या आठवड्यात शेळ्या आल्या. ठकूबाईच्या नावाच्या दोन होत्या, चांगल्या दुधाच्या. तिनं त्यांना दारात उभं केलं नाही. संस्थेचा माणूस मला विचारायला आला, "बाई शेळ्या का घेत नाहीत?" मी त्याला म्हणाले, "तुमच्या सरांना विचारा, त्यांनी पडताळणी केली आहे." त्या शेळ्या दुसऱ्या कुणाला तरी गेल्या.

रुजूचा मुक्काम संपला तेव्हा तिला मोटारीपर्यंत सोडायला मी गेले नाही, वांबुई एकटी गेली. सून आतून म्हणाली, "आत्याबाई, इतकं ताणू नये." मी म्हणाले, "तू बाळाकडे बघ."

उन्हाळा सरता सरता भाटवडेकर सर पुन्हा आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "चांगुणाबाई, तुमच्या ऋजुतानं मोठा घोळ केला."

"आता काय केलं?"

"शेवटची परीक्षा असते आमच्याकडे. गावात काय सापडलं ते मांडायचं असतं, बाहेरचे परीक्षक येतात. करवंददऱ्याचं तिचं काम सगळ्यांत उत्तम होतं. मी स्वतः परीक्षकांना सांगून ठेवलं होतं. ही उभी राहिली, फळ्यावर तीन रिंगणं काढली, आणि एकही हिरडा ठेवला नाही. परीक्षकांनी विचारलं, घरं कुठं आहेत? म्हणाली, ते मी सांगणार नाही. दहा वेळा विचारलं. नाही म्हणजे नाही. नापास करावं लागलं. वर्ष गेलं तिचं. काय बोलायचं अशा मुलीला?"

सरांना वाटलं, मी हळहळेन. किंवा खूश होईन. माझ्याकडून दोन्ही झालं नाही. मी उठून आत गेले आणि बाळांची दुपटी वाळत घातली. मनात सारखं येत होतं, गप्प बसायला पोरगी शिकली. पण कुठं? पुण्याच्या फळ्यापुढे. तिथं तिनं वर्षभर तोंड उघडलं नसतं तरी कुणाचं काय अडत होतं? माझ्या पारावर एक घटकाभर गप्प बसली असती तर पुरे होतं. शिकवणं हे असंच असतं का, कुणास ठाऊक. शिकलेलं येतं, पण ज्या दिवशी हवं त्या दिवशी येत नाही.

"तुम्ही तिला काही कळवाल का?" सरांनी बाहेरून विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

पुढच्या तुकडीला मी कणगी वाजवायला शिकवलंच नाही. ती पोरं दारोदार फिरून विचारत राहिली, लोक "देवाची कृपा" म्हणत राहिले, आणि पोरांनी ते सगळं खरं मानून लिहून नेलं. ती सगळी पास झाली. मग त्याच्या पुढच्या साली मी पुन्हा शिकवायला लागले. अजून शिकवते. पण आता आधी ठकूबाईची गोष्ट सांगते आणि मग कणगीपाशी नेते. काही पोरं गोष्ट ऐकून हसतात, काही लिहून घेतात.

सुगंधाचं पुढे जमलं, लांब, इगतपुरीच्या अंगाला, एका बिजवराशी. त्याला आधीची दोन पोरं होती. नांदली ती. वांबुई तिच्या देशात काम करते आणि दर दिवाळीला जुळ्यांना फोन करते. जुळी आता कॉलेजात जातात. रुजू दुसऱ्या वर्षी पास झाली, असं वांबुईकडूनच कळलं. ती पुन्हा करवंददऱ्यात आली नाही आणि मी तिला बोलावलं नाही. ठकूबाईनं नंतर घरात कणगी ठेवली नाही. जे काही पिकायचं ते ती उघड्या पाटीत, दारासमोर ठेवायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचं, केवढं आहे ते.

ठकूबाई महादू बांडे गेल्या वर्षी, माघ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आपल्या घरी वारली.